सल्फेट-फ्री शाम्पू: पहिला ड्रम विकत घेण्याआधी

शाम्पूचा ब्रँड काढायचाय म्हणून जे फोन करतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "सर, एसएलईएसच्या जागी काय घालू?"

घोळ या प्रश्नातच आहे. साधा शाम्पू चिमूटभर मिठाने घट्ट होतो, स्वस्तात पडतो, तेलकट डोक्यावरही भरपूर फेस देतो, तो सगळा एसएलईएस नावाच्या फेस करणाऱ्या सल्फेटच्या जिवावर. ते काढून त्याच मापात दुसरं काही ओतलं, तर हाती येतं पाण्यासारखं पातळ, महागडं पाणी. मग त्यात मीठ टाकत बसायचं आणि ते काही घट्ट होत नाही. सल्फेट-फ्री शाम्पूची घडीच वेगळी असते. ती समजून घेतल्याशिवाय ड्रम मागवू नका.

नावाचा घोळ आधी सोडवा

सोडियम लॉरिल सल्फेट, सोडियम लॉरेथ सल्फेट (हेच एसएलईएस), अमोनियम लॉरिल सल्फेट ही सल्फेटं सगळ्यांना ठाऊक असतात. पण सोडियम कोको सल्फेट हेही सल्फेटच. ते 'नारळापासून बनलेलं, नैसर्गिक' म्हणून विकलं जातं आणि नवखे लोक फसतात. उलट ओलेफिन सल्फोनेट, म्हणजे बाजारातलं एओएस, हे रसायनशास्त्राने सल्फेट नाही. 'सल्फेट-फ्री' छापून ते वापरणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण एओएस केसांतलं तेल जवळजवळ एसएलईएसइतकंच खरवडून काढतं. कोरड्या किंवा रंगवलेल्या केसांसाठी म्हणून बाटली विकायची आणि आत मुख्य माल एओएस, हे मला पटत नाही. सौम्य मिश्रणात फेसाला हातभार म्हणून थोडं घातलं तर माझी हरकत नाही.

डायसोडियम लॉरेथ सल्फोसक्सिनेटही सल्फेट नाही आणि बऱ्यापैकी सौम्य आहे. पण नावातलं 'लॉरेथ' बघा. त्याच्यावर एथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया झालेली असते आणि त्या प्रक्रियेत १,४-डायऑक्सेन नावाची अशुद्धी तयार होते. एसएलईएसला लोक नावं ठेवतात त्यामागे या अशुद्धीचंही कारण आहे. ग्राहकाला ते टाळायचं असेल तर सल्फोसक्सिनेट घेऊन तुम्ही फक्त दार बदललंत, घर तेच. पुरवठादाराकडून डायऑक्सेनचा आकडा लेखी मागा.

आणि सल्फेट नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असंही नाही. जवळपास प्रत्येक सल्फेट-फ्री शाम्पूत असणारं कोकामिडोप्रोपिल बेटाइन हे अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ सालचा 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. २०१७ साली तो मान सौम्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या ग्लुकोसाइड गटाला मिळाला. त्यामुळे 'शंभर टक्के सुरक्षित' वगैरे छापण्याच्या फंदात पडू नका. एसएलईएस म्हणजे विष अशी भीती घालूनही विकू नका. कोरडे, कुरळे, रंगवलेले केस आणि चुरचुरणारी टाळू यांना सौम्य धुणं मानवतं, एवढं सांगितलं तरी गिऱ्हाईक मिळतं.

जाता जाता एक. 'कोको' वाचून कोकणातल्या नारळाची चित्रं लेबलवर छापणारे मी पाहिलेत. या मालातली बारा-चौदा कार्बनची साखळी खोबरेल तेलातून येते तशीच पाम कर्नल तेलातूनही येते, आणि पाम कर्नल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचं. तुमच्या ड्रमचा भावही तिकडच्या बाजाराबरोबर वरखाली होतो. कोटेशन पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही, त्याचं मोठं कारण हे.

लायसन्स आधी, मिक्सर नंतर

घरच्या स्वयंपाकघरात शाम्पू बनवून सोसायटीच्या ग्रुपवर विकणं हा गुन्हा आहे. 'घरगुती' लिहिलं म्हणून सूट मिळत नाही. सौंदर्यप्रसाधनं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली येतात आणि उत्पादनाचे नियम २०२० सालच्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये आहेत. महाराष्ट्रात लायसन्स देतं ते अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. स्वतःचा कारखाना काढायचा असेल तर सीओएस-५ अर्ज करून सीओएस-८ लायसन्स घ्यावं लागतं. त्यासाठी नियमांत सांगितल्याप्रमाणे जागा, यंत्रं, चाचणीची सोय आणि पात्र तांत्रिक माणूस लागतो. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. टाकी धुतलेल्या पाण्याचा फेस गटारात दिसला की शेजारचा कारखानदारच तक्रार करतो. दुसरी वाट लोन लायसन्सची: कारखाना दुसऱ्याचा, पण उत्पादक म्हणून नाव आणि जबाबदारी तुमची. त्याचा अर्ज सीओएस-६, लायसन्स सीओएस-९. तिसरी वाट थर्ड पार्टी, म्हणजे लायसन्स असलेल्या उत्पादकाने त्याच्या लायसन्सवर तुमच्या ब्रँडसाठी माल भरून द्यायचा.

पहिल्या वर्षी तिसरीच वाट धरा, असं मी सांगतो. त्यात नफा कमी उरतो, पण टाकी, स्टरर, आरओ प्लांट यांत पैसे अडकत नाहीत. फक्त करारात फॉर्म्युला कोणाचा हे स्पष्ट लिहून घ्या. उत्पादकाने स्वतःचा तयार फॉर्म्युला दिला असेल तर तोच माल वेगळ्या बाटलीत तुमच्या समोरच्या ब्रँडलाही जात असतो. त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

लेबलवर 'आयुर्वेदिक' लिहायचं असेल तर लायसन्स आयुषचं लागतं, प्रकरण वेगळं. केटोकोनाझोल (कोंड्यावरचं बुरशीनाशक) घातलं की तो शाम्पू औषध ठरतो. नवख्याने दोन्हीच्या वाटेला जाऊ नये.

माल घेताना किलोचा भाव बघू नका

या धंद्यात पैसे सगळ्यात जास्त इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

सर्फॅक्टंट, म्हणजे फेस करणारा आणि मळ काढणारा मुख्य माल, बहुतेक पाण्यात विरघळवून विकतात. बेटाइन साधारण ३० टक्के, द्रव सार्कोसिनेट ३० टक्के, डेसिल ग्लुकोसाइड ५० टक्क्यांच्या आसपास, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट (एससीआय) मात्र पूड किंवा शेवया, ८० टक्क्यांच्या वर. केस धुतं ते हे 'अ‍ॅक्टिव्ह', बाकी तुम्ही पाणी विकत घेता. तेव्हा भावाला अ‍ॅक्टिव्हने भागायची सवय लावा.

समजा एक व्यापारी बेटाइन ११० रुपये किलो सांगतो, माल ३० टक्क्यांचा. दुसरा म्हणतो ९५ ला देतो. पण त्याने ड्रम फोडून कॅनमध्ये भरताना पाणी मारलंय आणि माल उरलाय २४ टक्के. पहिल्याचा अ‍ॅक्टिव्ह किलो पडला ३६७ रुपयांना, दुसऱ्याचा ३९६ ला. स्वस्त माल महाग पडला, आणि वर तुमचा शाम्पू पातळ झाला तो वेगळाच.

पाणी मारलंय की नाही हे घरच्या घरी कळतं. काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बशी वजन करून घ्या, त्यात नेमके २ ग्रॅम बेटाइन घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. नीट मालात तयार होतानाच आलेलं पाचेक टक्के मीठही असतं, त्यामुळे घन भाग ३५ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे बशीत ०.७० ग्रॅम उरायला हवं. ०.५६ उरलं तर २४ टक्क्यांचा माल गळ्यात पडलाय. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. तो घ्यायला कंटाळा करू नका.

मुंबईत सुटा माल मशीद बंदरच्या वडगादीत मिळतो. पाच किलोच्या कॅनपासून सगळं. नमुन्यांसाठी ती जागा उत्तम. पण विक्रीच्या बॅचसाठी कंपनीचा सीलबंद ड्रम आणि त्याच बॅच नंबरचा सीओए, म्हणजे विश्लेषणाचा दाखला, एवढं हवंच. सीओएवरचा बॅच नंबर ड्रमवरच्या स्टिकरशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. गेल्या वर्षीच्या सीओएची झेरॉक्स चिकटवून देणारे भेटतात. बेटाइनच्या सीओएमध्ये फ्री अमिडोअमाइनचा, म्हणजे बेटाइन बनवताना तसंच उरलेल्या कच्च्या मालाचा आकडा आहे का हेही बघा. बेटाइनच्या अ‍ॅलर्जीचा ठपका बऱ्याच अंशी त्या अवशेषावरच आहे.

मोठ्या उत्पादकांपैकी गॅलेक्सी सरफॅक्टंट्स आपल्या नवी मुंबईची, महाराष्ट्रातले कारखाने तारापूर आणि तळोज्याला. पण अशा कंपन्या एका ड्रमच्या गिऱ्हाइकाशी थेट बोलत बसत नाहीत. त्यांच्या अधिकृत वितरकाचं नाव विचारा आणि त्याच्याकडून घ्या. प्रत्येक मुख्य मालाला दुसरा पुरवठादार आधीच तपासून ठेवा. एकाच नावाचा माल दोन कंपन्यांचा असला तरी मिठाचं प्रमाण वेगळं असतं, आणि तेवढ्याने शाम्पूचा घट्टपणा बदलतो.

कुठला सर्फॅक्टंट कसा वागतो

एससीआयने स्पर्श फार छान येतो, फेस मलईसारखा दाट. पण ते थंड पाण्यात विरघळत नाही, बेटाइनबरोबर ६५-७० अंशांपर्यंत गरम करून विरघळवावं लागतं. त्याची पूड नाकात गेली तर मास्क नसलेला माणूस दहा मिनिटं शिंकत राहतो. आणि ते पुन्हा गोठतं. हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. नाशिकला एका उत्पादकाकडे ऑक्टोबरात पन्नास किलोची बॅच काढली होती, काचेसारखी स्वच्छ. जानेवारीत दुकानदाराचा फोन आला, "साहेब, शाम्पूत रवा पडलाय." बाटली हलवली तर तळाला खरंच रव्यासारखे दाणे. पंपाची नळी त्या दाण्यांनी चोंदली होती. फॉर्म्युल्यात एससीआय जास्त होतं आणि थंडीची चाचणी आम्ही केलीच नव्हती. सगळा माल परत घ्यावा लागला. तेव्हापासून पारदर्शक द्रव शाम्पूत मी एससीआय मुख्य माल म्हणून घेत नाही. शाम्पूची वडी काढायची असेल तर मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

ग्लुकोसाइड सौम्य, पण एकटं वापरलं तर केस गुंततात, हाताला चरचरीत लागतात. ड्रममध्ये त्याचा पीएच ११.५ च्या वर असतो, म्हणून ड्रममध्ये ते सहसा सडत नाही. तुम्ही आम्ल घालून पीएच उतरवलात की ते संरक्षण गेलं. ग्लुटामेट, ग्लायसिनेट, टॉरेट ही मंडळी चांगली आहेत, महागही आहेत. पहिल्या उत्पादनासाठी मी सार्कोसिनेट आणि बेटाइनची जोडी सुचवतो. दोन्ही द्रव, दोन्ही गरम न करता मिसळतात, आणि त्यांच्या घट्ट होण्याची एक गंमत आहे.

अर्धा किलोची पहिली चाचणी

हे विक्रीसाठी नाही, हात बसण्यासाठी. एक लिटरचा बीकर, काटा, पीएच मीटर (लिटमस कागद चालणार नाही) आणि हळू फिरणारा स्टरर एवढं हवं.

डीएम (क्षार काढलेलं) पाणी २७५ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए (पाण्यातले क्षार बांधणारं) ०.५ ग्रॅम
ग्लिसरीन १० ग्रॅम
कॅटायनिक ग्वार (केस मऊ ठेवणारा गवारीचा डिंक) १ ग्रॅम
सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट (३० टक्के) १०० ग्रॅम
कोकामिडोप्रोपिल बेटाइन (३० टक्के) १०० ग्रॅम
फिनॉक्सीएथेनॉल-एथिलहेक्सिलग्लिसरीन मिश्रण (प्रिझर्व्हेटिव्ह) ४.५ ग्रॅम
सुगंध २ ग्रॅम
सायट्रिक आम्लाचं ५० टक्के द्रावण लागेल तसं, शेवटी पाण्याने ५०० ग्रॅम पूर्ण

ग्वार थेट पाण्यात टाकलं तर पिठल्यातल्या गुठळ्यांसारखं होतं. ते आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग ईडीटीए विरघळलेल्या पाण्यात धारेने सोडा. सायट्रिकचे एक-दोन थेंब टाकले की ते फुलायला लागतं; बऱ्याच ग्रेडना फुलायला आम्ल लागतंच. वीस मिनिटं द्या. मग बेटाइन, मग सार्कोसिनेट. स्टरर हळू. ब्लेंडर लावलात तर बीकरभर फेस होईल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बसणार नाही. सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह थोड्या बेटाइनमध्ये वेगळं मिसळून मग घाला.

आता सायट्रिक. एक एक थेंब. पीएच सहाच्या वर असताना द्रव पाण्यासारखाच असतो आणि माणूस वैतागून ग्वार वाढवायला निघतो. थांबा. साडेपाचच्या खाली उतरताना स्टररचा आवाज बदलतो, मध्यभागी पडणारा खड्डा उथळ होत जातो आणि दोन-चार थेंबांत द्रव मधासारखा ओढ घ्यायला लागतो. ५.२ च्या आसपास थांबायचं. हाव धरून ४.६ पर्यंत गेलात तर सार्कोसिनेट आम्लाच्या रूपात सुटून येऊ लागतं, बीकर दुधी होतो, आणि त्वचेलाही ते मानवत नाही. मीठ न घालता शाम्पू घट्ट होतो तो असा. नेमका आकडा तुमच्या मालागणिक थोडा सरकेल, म्हणून प्रत्येक थेंबामागे पीएच आणि घट्टपणा वहीत लिहून ठेवा. सुगंध बदलला तर हे सगळं पुन्हा करायचं. काही सुगंधांनी घट्ट शाम्पू एका रात्रीत पातळ होतो.

बाकी मिश्रणांना झँथन गम, पीईजी-१५० डायस्टिअरेट असे घट्ट करणारे पदार्थ लागतात. झँथन जास्त झालं की शाम्पू शेंबडासारखा ओघळतो. दुसरा शब्द मला सुचत नाही.

चाचणी आपल्या घरासारखी करा

परदेशी फॉर्म्युले धुतलेल्या केसांवर तपासलेले असतात. आपल्याकडे शनिवारी रात्री खोबरेल चोपडतात आणि रविवारी शाम्पू लावतात. तेल लावलेल्या डोक्यावर सौम्य शाम्पूचा पहिल्या हाताला फेसच होत नाही आणि गिऱ्हाईक बाटली फेकून देतं. म्हणून नमुना तेलकट केसांवर, दोनदा धुवून बघा, आणि 'दोनदा लावा' हे बाटलीवर ठळक छापा. पाणीही तुमच्या गिऱ्हाइकाचं घ्या. मुंबईच्या नळाच्या पाण्यात जो शाम्पू सुरेख चालतो, तो मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात केस चिकट ठेवू शकतो.

टिकण्यासाठी: काही बाटल्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये, काही फ्रिजमध्ये, काही खिडकीत उन्हात, काही कपाटात. किमान तीन महिने. दर पंधरा दिवसांनी रंग, वास, पीएच, घट्टपणा. मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात खोका किती तापतो हे ज्याने हात लावून पाहिलंय, तो ओव्हनची चाचणी कधी टाळत नाही.

प्रिझर्व्हेटिव्हवर काटकसर करू नका. 'नैसर्गिक' म्हणून नुसतं सोडियम बेंझोएट घालणारे पुष्कळ. पण जंतूंवर चालतं ते त्याचं आम्लरूप, आणि पीएच ५.२ ला जेमतेम दहावा हिस्सा त्या रूपात असतो. तयार मिश्रणाची चॅलेंज टेस्ट प्रयोगशाळेकडून करून घ्या. मुद्दाम जंतू सोडून २८ दिवस पाहतात. आयएसओ ११९३० नुसार होते का, हे विचारा. जंतू बहुधा मालातून येत नाहीत, पाण्यातून येतात. आरओच्या साठवण टाकीला आतून बोट लावून बघा, बुळबुळीत लागलं तर उत्पादक बदला.

बाटली, लेबल, जीएसटी

नवी बाटली भरून, झाकण लावून, कागदावर आडवी चोवीस तास ठेवा. गळतीचे निम्मे प्रश्न तिथेच कळतात. लेबल फिल्मचं घ्या, कागदी लेबल न्हाणीघरात आठवड्यात सोलतं. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, निव्वळ माप, सर्व करांसह एमआरपी, ग्राहक तक्रारीचा पत्ता आणि घटकांची यादी हवी. एक टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. शाम्पूसाठी भारतीय मानक आयएस ७८८४ आहे, आणि कोणते घटक बंदी किंवा मर्यादेखाली आहेत ते आयएस ४७०७ च्या दुसऱ्या भागात. दोन्ही मागवून वाचा. 'प्राण्यांवर चाचणी नाही' ही फुशारकी मारण्यात अर्थ नाही, आपल्या देशात २०१४ पासून तशी चाचणी बंदच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला बरं, पण तुम्ही सर्फॅक्टंट आणि बाटल्या घेता त्यावर १८ टक्केच भरता. म्हणजे आधी भरलेल्या कराचं क्रेडिट साचत जातं आणि तेवढं भांडवल अडकतं. इन्व्हर्टेड ड्युटीचा रिफंड मागता येतो, पण तो यायला वेळ लागतो. पहिल्या बॅचचा हिशेब मांडतानाच सीएला सोबत बसवा.

आणि प्रत्येक बॅचच्या चार बाटल्या, तारीख घालून, स्वतःच्या कपाटात ठेवा. उत्पादकाच्या नव्हे, तुमच्या. दुकानदाराचा "रवा पडलाय" असा फोन आला, की पहिल्यांदा उघडायचं ते हे कपाट.